न दमणारी गाढवं

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की तेव्हा गाढवं बोलत असत, आणि त्याहून नवलाचं म्हणजे माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत.

नदीकाठी एक राज्य होतं. जमीन काळीभोर, माणसं कष्टाळू, आणि गादीवर एक राणी. राणी न्यायी होती. फक्त तिला वाट बघायला आवडत नसे. राज्य चालवणाऱ्यांना ही खोड असतेच, त्यात तिचा एकटीचा दोष नाही.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. मळणी झाली की प्रत्येक गावाने आपल्या उत्तम कणसांचं बी बाजूला काढायचं आणि ते वरच्या माळावर पेवात नेऊन ठेवायचं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मात्र चांगलं ऐसपैस. आतून शेणामातीने लिंपलेलं, तळाला कडबा अंथरलेला, आणि तोंडावर दगडी झाकण. जितकी गावं तितकी पेवं, कारण प्रत्येक गावच्या मातीला तिचंच बी मानवतं. गावातली कणगी कधी उंदरांनी फस्त केली, कधी ओलीने गेली, तर माळावरचं पेव धावून येत असे.

या पेवांची राखण एक बाई करत असे. ती राज्यातल्या सुताराची थोरली बहीण. सुतार तिला अक्का म्हणत असे, म्हणून आपणही तिला अक्काच म्हणू. तिच्याजवळ एक म्हातारं गाढव होतं. तिचा नवरा हयात होता तेव्हा पेवात उतरताना वर दोर धरायला तो असे. तो गेल्यावर ते काम गाढवाकडे आलं. दोराचं एक टोक अक्काच्या कमरेला, दुसरं गाढवाच्या गळ्यातल्या पट्ट्याला. अक्काने खालून हाक दिली की गाढव मागे मागे सरके आणि अक्का वर येई.

बी न्यायला कुणी आलं की माळाच्या तोंडाशी टांगलेल्या सागवानी फळीवर थाप देई. अक्काच्या सासूने तिला एकच गोष्ट बजावून ठेवली होती: थाप ऐकून न ऐकल्यासारखं करायचं नाही. अक्काने ती आयुष्यभर पाळली. थाप पडली की ती हातातलं काम टाकून उठे, आल्यागेल्याला पाणी देई, कोणत्या गावचा ते विचारी आणि त्या गावच्या पेवाचं झाकण सरकवी.

मग मात्र ती खाली बसे. नुसती बसे.

"अक्का, उतर की आता," आलेला माणूस म्हणे.

"थांब जरा," अक्का म्हणे. "वर्षभर तोंड मिटून बसलंय बिचारं. आधी त्याला जांभई देऊ दे."

पेवाच्या पोटात कोंदलेली, जीव गुदमरवणारी वाफ असते, ती बाहेर पडायला वेळ लागतो. अक्का थोड्या वेळाने पणती लावून दोरीने आत सोडे. पणती विझली की पुन्हा बसे. पणती तेवत राहिली की मगच उतरे. पोतं भरून वर आलं, ती वर आली, की झाकण लावून त्याच्या कडा ओल्या मातीने लिंपून टाकी. लिंपण झालं की पुढचा माणूस. तोवर पुढचा माणूस चिंचेखाली बसून तंबाखू मळत असे आणि त्याचं गाढव चिंचेचा पाला चघळत असे. कुणाची कधी तक्रार नव्हती.

सुताराची मात्र होती. तो राजधानीत राहायचा आणि त्याच्या हातात विलक्षण कसब होतं. वर्षातून एकदा तो बहिणीला भेटायला माळावर येई आणि तिचं ते बसणं बघून आतल्या आत चडफडे. "आमची अक्का जीव लावणारी आहे," तो घरी येऊन बायकोला सांगे, "पण तिचं सगळंच सावकाश." ती का बसते हे त्याने कधी विचारलं नाही. आपल्या माणसांबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे अशी आपली समजूत असते.

एका भाद्रपदात नदीला असा पूर आला की गावंच्या गावं पाण्यात गेली. माणसं झाडांवर चढून वाचली. कणग्या वाहून गेल्या आणि दावणीची जनावरंही. पाणी ओसरलं तेव्हा शेतात गाळ होता, घरात गाळ होता आणि बियाण्याचा दाणा कुठेच नव्हता. होता तो फक्त माळावर, पेवांत.

आश्विन लागला. जमिनीला वाफसा आला. वाफसा म्हणजे ना चिखल ना धूळ, पेरायला अगदी योग्य अशी ओल. ती फार दिवस टिकत नाही. ऊन चढत जातं, भुई तडकते, आणि मग बी टाकलं तरी ते कोरड्या मातीत पडून राहतं. ती पेरणी हुकली असती तर त्या राज्यात पुढच्या वर्षी चुलीवर काय चढलं असतं, हे सांगायला नको.

राणीने सुताराला बोलावलं.

"सुतारा, बी माळावर आहे आणि शेतं खाली आहेत. माणसं गाळ उपसण्यात आणि नांगरण्यात गुंतली आहेत, आणि जनावरं वाहून गेली आहेत. बी खाली आणायचं कुणी?"

"आणणारे मी बनवतो, राणीसाहेब," सुतार म्हणाला. त्याला अशाच प्रश्नाची हौस होती.

त्याने लाकडी गाढवं बनवली. पोटात चाकं, चाकांना ताणलेल्या वेताची कमान, मानेत एक खुंटी. खुंटी पिळली की गाढव आपसूक चालू लागे. प्रत्येकाच्या गळ्यात आपापल्या गावची खूण अडकवली. गाढवांना शिकवायचं ते त्याने चाकांच्या दात्यांत कोरून ठेवलं: घाट चढायचा, फळीवर कपाळ आपटून थाप द्यायची, पाठीवर पोतं पडलं की घरी परतायचं.

"आणि पोतं पडलं नाही तर?" राणीने विचारलं.

"तर पुन्हा थाप द्यायची," सुतार म्हणाला. "पोतं पडेपर्यंत थाप द्यायची. माझी गाढवं न खातात, न पितात, न दमतात. ती हार मानणार नाहीत."

राणी खूश झाली. सुतार तर स्वतःवर इतका खूश झाला की त्याने सगळ्या गाढवांच्या खुंट्या एका सकाळी, एकामागोमाग एक पिळल्या. आपल्या जन्मगावाची सगळ्यात आधी, हे ओघाने आलंच.

माळावर अक्का अंगण झाडत होती. फळीवर थाप पडली. ती वळली तर समोर लाकडी गाढव. भावाचं काम तिने लगेच ओळखलं आणि तिला कौतुक वाटलं. "बस हो," ती त्याला म्हणाली आणि त्याच्या गावचं पेव उघडायला गेली.

गाढव बसलं नाही. बसायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने पुन्हा थाप दिली. तेवढ्यात दुसरं आलं, तिसरं आलं, त्यांच्या मागे घाटभर रांग लागली. फळीजवळ जागा उरली नाही तेव्हा मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीवर कपाळं आपटायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. सगळा माळ त्या आवाजाने भरून गेला.

अक्काने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. एवढ्या थापा आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, याचीच तिला लाज वाटू लागली. पहिल्या पेवाचं झाकण तिने लावलं, पण लिंपायला ती थांबली नाही. पुढे पुढे पोत्यांची तोंडंही नीट बांधेना. घाईघाईत एका गावच्या हरभऱ्यात दुसऱ्याची करडई पडली. पलीकडच्या दूरच्या वाडीहून एक बाई टोपली डोक्यावर घेऊन पायी आली होती. ती गाढवांच्या गर्दीमागून हाका मारत राहिली, पण त्या ठकठकीत तिचा आवाज अक्कापर्यंत पोचलाच नाही. शेवटी ती रिकामी टोपली घेऊन परत फिरली.

"बाई," म्हातारं गाढव अक्काला म्हणालं, "जरा दम घे."

"कशी घेऊ?" अक्का म्हणाली. "ऐकतोस ना?"

आणि ज्या गाढवांच्या पाठीवर पोतं पडलं होतं, तीही खाली जाऊ शकत नव्हती. घाट अरुंद, आणि तो येणाऱ्यांनी चोंदलेला. भरलेली गाढवं तिथेच जागच्या जागी पाय हलवत उभी राहिली.

खाली राजधानीत सुतार वेशीवर उभा होता. दुपार झाली तरी एकही गाढव परतलं नाही. आता इथे कुणाही शहाण्या माणसाने वर जाऊन बघितलं असतं. सुतार शहाणाच होता, पण त्याला आपल्या कसबाची खात्री जरा जास्त होती. त्याने विचार केला, की गाढवं कमी पडली असणार. म्हणून त्याने राखून ठेवलेली आणखी गाढवं बाहेर काढली आणि त्यांच्याही खुंट्या पिळल्या.

या नव्या तांड्याबरोबर मात्र तो स्वतः निघाला. बहिणीने आपलं कौतुक केलेलं त्याला बघायचं होतं.

घाटाच्या पायथ्याशीच त्याला गर्दी लागली. वाट कुठे दिसेना. शेवटी तो आपल्याच गाढवांच्या पाठीवर पाय देत देत वर चढला. ठकठक वाढत गेली. वर पोचला तेव्हा त्याला एक पेव उघडं दिसलं. त्याच्या तोंडाशी म्हातारं गाढव चारही पाय जमिनीत रोवून उभं होतं. गळ्यातला पट्टा ताणला होता, दोर सरळ पेवात गेला होता. त्याच्या मागे लाकडी गाढवं एकाला एक चिकटून उभी होती.

"मामा," गाढव कसंबसं म्हणालं, "बाई आत आहे. पणती न लावता उतरली. बोलत नाही."

सुतार पेवाकडे धावला आणि आत पाय सोडणार, एवढ्यात गाढव ओरडलं, "उतरू नका. तुम्ही उतरलात तर दोघंही आतच राहाल. मी तिला तळापासून वर उचलून धरलंय. मला फक्त मागे सरायला जागा द्या. तुमची गाढवं मला सरू देत नाहीत."

सुताराने मागच्या लाकडी गाढवाला ढकललं. ते जरा हललं आणि पुन्हा पुढे येऊन म्हाताऱ्याच्या पाठीवर कपाळ आपटू लागलं. खुंटी काढावी तर ते तिथेच धोंड्यासारखं अडून राहिलं असतं. त्याच्यामागे दुसरं होतं, आणि दुसऱ्यामागे तिसरं.

मग सुताराने कमरेचा वाकस काढला. लाकूड तासायचं ते त्याचं लाडकं हत्यार. त्याच हत्याराने त्याने त्या गाढवांचे कान घडवले होते, पापण्यासुद्धा कोरल्या होत्या. आता त्याने पहिल्या गाढवाच्या पायांवर घाव घातला. मग दुसऱ्याच्या. तुकडे तो पायाने बाजूला सारत गेला, चाकं गडगडत घाटात गेली, त्याचे हात रक्ताळले, आणि त्याला रडू येत होतं. वाट झाली तसं म्हातारं गाढव एकेक पाऊल मागे सरत गेलं. दोर वर आला. अक्काचा हात दिसला, मग मान टाकलेलं डोकं.

त्याने तिला बाहेर ओढून चिंचेखाली वाऱ्यावर निजवलं. तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले. बराच वेळ काही झालं नाही. तेवढा वेळ त्या माणसाने कसा काढला असेल, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. मग अक्का खोकली, आणि तिने डोळे उघडले.

तिने सगळ्यात आधी विचारलं, "थापा थांबल्या का रे?"

सुतार तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. "अक्का, मला वाटायचं तू सावकाश आहेस."

"मी सावकाश नाही रे," अक्का हळू आवाजात म्हणाली. "पेव सावकाश आहे. मी आपली त्याच्या चालीने चालते."

संध्याकाळी राणीची स्वारी माळावर आली. तिने मोडकी गाढवं बघितली, चोंदलेला घाट बघितला, बाजेवर निजलेली अक्का बघितली आणि तिचा राग अनावर झाला.

"जाळून टाक ही लाकडं," ती सुताराला म्हणाली. "पुन्हा मला दिसता कामा नयेत."

"जाळू नका, राणीसाहेब," अक्का बाजेवरून म्हणाली. "मग पोती कोण वाहणार? वाफसा आपली वाट बघणार आहे का?"

सुतार खाली मान घालून बसला होता. तेव्हा म्हातारं गाढव, ज्याच्या मानेला पट्टा काचून वळ उठला होता, ते पाणी पिता पिता बोललं.

"मामा, तुमच्या गाढवांचं बाकी सगळं चांगलं आहे. पोतं माझ्याहून जास्त वाहतात, चाराही मागत नाहीत. फक्त ती दमत नाहीत, तिथेच घोटाळा आहे. पूर्वी गाढवं घाट चढून आली की त्यांच्या तोंडाला फेस यायचा. पाणी प्यायची, अंग झटकायची, चार काड्या चघळायची. तेवढ्या वेळात बाईचं पेव जांभई देऊन मोकळं व्हायचं, आणि आम्हाला लोक आळशी म्हणायचे."

सुतार मान वर करून उठला. तो पुन्हा ताठ उभा राहिला होता, पण या वेळी त्या ताठपणात सकाळची गुर्मी नव्हती.

"राणीसाहेब, चूक गाढवांची नाही," तो म्हणाला. "मी त्यांना मागायला शिकवलं, थांबायला शिकवलं नाही. ते आता शिकवतो, आणि बी वेळेत पोचवतो."

"वेळ आहेच किती?"

"पुरेसा आहे," सुतार म्हणाला. "घाई केली नाही तर."

त्याने उरलेली गाढवं उघडली. प्रत्येकाच्या पोटात एक छोटं मडकं बसवलं आणि वर पाण्याचा तुंबा टांगला. थाप दिली की तुंब्यातून थेंब गळू लागत. मडकं भरेपर्यंत गाढवाचे गुडघे मुडपलेले राहत, ते हलू शकत नसे. मडकं भरलं आणि तरी पाठीवर पोतं पडलं नाही, तर त्याने पुन्हा थाप द्यायची नाही. गुपचूप घाट उतरून पायथ्याच्या वडाखाली जायचं, आणि तिथे तेच मडकं दोनदा भरेपर्यंत बसायचं. तरीही जमलं नाही तर त्याच्याही दुप्पट. वर ज्याला काम झेपत नाहीये त्याला आणखी हाका मारल्याने झेपत नाही, हे सुताराला आता पुरतं कळलं होतं.

आणखी एक बदल त्याने केला. गाढवं एकदम सोडायची नाहीत. एक घाटाच्या वर, एक वडाखाली आणि एक गावाकडच्या वाटेवर, एवढीच. पहिलं पोतं घेऊन उतरलं की मगच पुढचं चढणार. आणि हाडामांसाचं कुणी पायी आलेलं दिसलं, तर लाकडी गाढवाने बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायचं. रिकामी परतलेली दूरच्या वाडीची बाई म्हाताऱ्या गाढवाने बघितली होती, तिला बोलावणं धाडून तिची टोपली सगळ्यांत आधी भरून दिली.

अक्कानेही एक गोष्ट शिकून घेतली, आणि ती तिला भावाच्या सगळ्या सुतारकामाहून अवघड गेली. हातात काम असताना ती फळीवर हिरवी डहाळी टांगू लागली. डहाळी म्हणजे, आता नाही, मागाहून ये. पहिल्यांदा डहाळी टांगताना तिला सासूची आठवण झाली. पण सासूने थापेला उत्तर द्यायला सांगितलं होतं, आणि 'मागाहून ये' हेही उत्तरच आहे, असं तिने मनाशी ठरवलं.

अक्काच्या अंगात अजून ताकद नव्हती, म्हणून पेवात सुतार उतरू लागला. अक्का तोंडाशी पणती घेऊन बसे आणि म्हातारं गाढव दोर धरे. झाकण सरकवलं की सुतार आता आपणहून खाली बसे. पणती तेवली की उतरे, पोतं भरे, वर येऊन कडा लिंपे. पहिल्याच दिवशी त्याचे गुडघे बोलू लागले. अक्काचं अंग रोज संध्याकाळी का दुखायचं, हे त्याला तेव्हा समजलं.

खाली राजवाड्याच्या गच्चीवरून राणी घाटाकडे बघत होती. घाटावर एकच गाढव चढत होतं, आणि तेही रमतगमत. राणी पालखी सोडून पायी माळावर आली.

"सुतारा, एकेक गाढव? अशाने माझं राज्य कधी पेरून होणार?"

सुतार नुकताच पेवातून वर आला होता. त्याच्या भुवयांवर धूळ होती. "राणीसाहेब, त्या दिवशी सगळी गाढवं एकदम आली होती. त्या दिवशी गावात किती पोती पोचली?"

राणीने आठवून पाहिलं. "एकही नाही."

"आज सकाळपासून?"

राणीने घाटाखाली बघितलं. दूरवर काळ्या रानात जागोजागी पेरणीच्या पाभरी चालल्या होत्या. बैल उरले नव्हते म्हणून माणसंच त्या ओढत होती, पण चालल्या होत्या. एक पोतं पोचत होतं, ते पेरून होईतो दुसरं पोचत होतं. कुठे गर्दी नव्हती आणि कुठे खोळंबाही नव्हता. राणी अक्काशेजारी बसली, आणि तिने एका पेवाची जांभई संपेपर्यंत वाट बघितली. वाट बघण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

ऊन वाढत होतं तरी सुतार डगमगला नाही. शेवटचं पोतं शेवटच्या गावी पोचलं तेव्हा भुई वरून करडी पडली होती. तिथल्या शेतकऱ्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. खाली अजून ओल होती. त्याने पाभर उचलली.

आता इथे गोष्ट संपवता आली असती. पण घाईचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता, आणि तो कसा झाला हे सांगायलाच हवं.

त्या पहिल्या सकाळी अक्काने उघडलेलं पहिलं पेव न लिंपताच राहिलं होतं; पुढच्यांच्या कडा सुताराने मागाहून लिंपल्या, हे मात्र नजरेतून सुटलं. ते पेव होतं सुताराच्या जन्मगावाचं, कारण त्याने आपल्या गावचं गाढव सगळ्यांच्या आधी सोडलं होतं. त्या गाढवाच्या पाठीवर घातलेलं पोतं घाटातल्या चेंगराचेंगरीत फाटलं आणि दाणे तुडवले गेले. आणि फटीतून रोजचं पहाटेचं दहिवर आत झिरपून पेवातल्या बियाण्याला बुरशी आली, मोड फुटले. त्या गावाची पुन्हा पाळी आली आणि सुताराने झाकण सरकवलं, तेव्हा आतून आंबूस वास आला.

गावाला सांगायला त्याने लाकडी गाढव पाठवलं नाही. स्वतः गेला. चावडीवर सगळ्यांसमोर उभा राहिला आणि घडलं ते सांगितलं.

लोक चिडले, आणि ते चिडणं रास्तच होतं. मग बाकीच्या गावांनी आपापल्या पोत्यातलं ओंजळ ओंजळ बी त्या गावाला दिलं. त्या वर्षी सुताराच्या गावच्या शिवारात गावोगावची ज्वारी उगवली. परक्या मातीचं बी ते, कुठे गुडघाभर वाढलं, कुठे कमरेएवढं, कुठे उगवलंच नाही. बाकी सगळ्या राज्यात खळी भरली. त्या एका गावात भाकरी लहान झाली. सुतार राजधानी सोडून तिथे राहायला आला आणि त्याने सगळ्यांबरोबर तीच लहान भाकरी खाल्ली.

मळणीच्या दिवशी गावचा म्हातारा पाटील खळ्यात उभा होता. पुढ्यात ज्वारीची रास होती, आणि ती रास म्हणावी एवढीही नव्हती.

"सुतारा," तो म्हणाला, "तुझ्या गाढवांनी सगळ्या राज्याला पोटभर दिलं, आणि आम्हाला अर्धपोटी ठेवलं."

"हो, पाटील," सुतार म्हणाला. त्याने कसलीही सबब सांगितली नाही.

पाटलाने ओंजळभर दाणे उचलले आणि बोटांतून खाली सोडले. मग त्याने विचारलं, "तुझी अक्का कशी आहे?"

"बरी आहे. कालच पेवात उतरली होती."

"मग चिंता नाही," पाटील म्हणाला. "एका वर्षाचं बी गेलं, ते पुन्हा होईल. बी देणारी गेली असती तर आपण सगळ्यांनी जायचं कुणाकडे?"

आणि त्याने त्या एवढ्याशा राशीतले चांगले दाणे निवडून पेवासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. सुतार त्याच्या शेजारी बसला आणि त्यानेही निवडायला हात लावला.

तात्पर्य: ज्याला दमणं ठाऊक नाही त्याला थांबायला शिकवूनच कामाला लावावं, कारण देणाऱ्याचा हात टिकला तरच मागणाऱ्यांची पोती भरतात.